तक्रार उजव्या पायाची

विषय : नातीला उभ्याने कडेवर घेण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : लोखंडी कपाट, दोन दारी, आरसा असलेले.

उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, या प्रकरणाची सुरुवात नातीपासून झाली नाही, कपाटापासून झाली. खरं तर कपाटापासूनही नाही. ती हेडक्लार्कच्या एका निर्णयापासून झाली. हेडक्लार्क मंडळींनी निर्णय घेऊ नयेत, कागद फक्त वर पाठवावेत, असा दंडक शहाण्या माणसांनी का घालून दिला असावा, हे पुढील मजकुरावरून ध्यानात येईल.

झालं असं की, हेडक्लार्कची लेक तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी राहायला येणार होती. जावयाची बदली झाली होती आणि नव्या गावात घर मिळेपर्यंत माय-लेकींचा मुक्काम इथेच राहणार होता. हेडक्लार्कने नात अजून पाहिली होती ती फक्त फोनच्या पडद्यावर, आणि तीही बहुतेक वेळा झोपलेली. त्यामुळे ती येणार म्हटल्यावर त्याने घरात जाहीर केलं होतं, "दारात पहिल्यांदा तिला मी घेणार. मग बाकीच्यांनी रांगेत यावं." लेकीलाही फोनवर तसं बजावलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, तिला तुमच्याकडेच देईन, पण तुमची मिशी ओढेल हं." यावर हेडक्लार्कने दोन दिवस मिशीला कात्री लावली नाही.

पाळणा मागच्या खोलीत खिडकीजवळ ठेवायचा ठरला. तिथे कपाट होतं. ते समोरच्या भिंतीला लावायला हवं होतं.

"रविवारी धाकटा त्यांना स्टेशनवरून घेऊन येणारच आहे," बायको म्हणाली. "तो आला की दोघं मिळून हलवा. तुम्ही एकट्याने त्याला हातसुद्धा लावू नका. तुम्हाला जमायचं नाही."

धाकटा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. व्यवसायाने कायरोप्रॅक्टर. हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा हेडक्लार्कने तो कागदावर लिहून मागितला होता, दोनदा वाचला होता आणि "म्हणजे लोक बोटं मोडतात तशी हा पाठ मोडणार" असा शेरा मारला होता. पुढे मेहुण्याचा दवाखाना चांगला चालू लागला, शेरा मात्र तोच राहिला. "लोक आपणहून येतात, पालथे पडतात, कडाकड मोडून घेतात आणि वर थँक्यू म्हणतात," हेडक्लार्क चारचौघांत सांगायचा. "आमच्या ऑफिसात रोज इतक्यांचं कंबरडं मोडतं, पण कधी एकानेही आभार मानले नाहीत." मेहुणा यावर नुसता हसायचा. (उलट बोलणारा मेहुणा परवडतो. हसणारा मनात जपून ठेवतो.)

आता त्याच मेहुण्याने येऊन आपल्या घरातलं कपाट हलवायचं आणि आपण दुसऱ्या टोकाला "हं, जरा डावीकडे" म्हणत उभं राहायचं, हे हेडक्लार्कला पटेना. त्यातून 'जमायचं नाही' हे शब्द. बायको बाजारात गेली आणि हेडक्लार्कने निर्णय घेतला.

कपाट रिकामं करून हलवावं, हे कोणीही सांगेल. पण रिकामं करणं म्हणजे सगळं पुन्हा भरणं आलं, आणि कुठली साडी कुठल्या घडीखाली होती याची चौकशी आली. म्हणून हेडक्लार्कने ते भरलेलंच हलवायचं ठरवलं. पाय जुळवून तो कपाटासमोर उभा राहिला, गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकला, जुन्या मित्राला भेटावं तशी त्याने कपाटाला मिठी घातली आणि उचलून डावीकडे वळला. म्हणजे कमरेपासून वरचा भाग वळला. पाय जागच्या जागी राहिले आणि कपाट जेमतेम वीतभर सरकलं.

कमरेत काहीतरी सटकलं. नव्या रबरी शिक्क्याचा जोरात ठसा उमटावा, तसं. हेडक्लार्क जसा होता तसाच राहिला. सरळ होता येईना, खाली बसता येईना, आणि मिठी सोडावी तर आधार जाणार. आरशात त्याचा स्वतःचा चेहरा अगदी नाकाला नाक लावून दिसत होता. तो बघवत नव्हता.

बायको परत आली तेव्हा नवरा कपाटाच्या गळ्यात पडलेला. कपाट वीतभर सरकून तिरकं झालं होतं आणि त्याचं एक दार पलंगाला अडकलं होतं.

"अहो, हे काय?"

खरं सांगायचं तर 'कंबर' हा तीन अक्षरांचा शब्द. पण तो तोंडातून निघाला की पुढचं सगळं हेडक्लार्कला लख्ख दिसत होतं. कंबर म्हटली की पाठ आली, पाठ म्हटली की मेहुणा आला, आणि त्या टेबलावर पालथं पडणं आलं. सोळा आणे त्याच्याच खात्यातला विषय. तेव्हा विषयच बदलायला हवा होता.

"पाय मुरगळला," हेडक्लार्क म्हणाला.

"कुठला?"

यावर विचार करायला वेळ मिळाला नाही. "उजवा."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि तेलाची बाटली आणायला गेली.

त्या दिवसापासून उजव्या पायाची रीतसर सेवा सुरू झाली. सकाळी तेल, संध्याकाळी शेक, दिवसभर क्रेप बँडेज. बायको पाय रगडायची तेव्हा हेडक्लार्क विव्हळायचा, आणि ते विव्हळणं खोटं नव्हतं. फक्त ते दुसऱ्या जागेसाठी होतं. उठताना कंबर धरायची सोय नसल्यामुळे तो गुडघा धरून उठायचा. शिंक आली की भिंतीकडे तोंड करून शिंकायचा, कारण शिंकेसरशी कमरेत जी वीज चमकायची ती चेहऱ्यावर दिसायची.

इथवर सगळं निभावलं असतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमरेतून निघालं, कुल्ल्यात थोडं थांबलं, मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरलं आणि पोटरीतून थेट पावलात जाऊन बसलं. मुंग्या, आग, ठणका. म्हणजे पाय दुखतो ही थाप खरी झाली. आयुष्यात सांगितलेली थाप इतक्या इमानाने खरी झाल्याचं हेडक्लार्कच्या पाहण्यातलं हे पहिलंच उदाहरण. पण नशीब असं आडमुठं की दुखणं उतरलं ते डाव्या पायात.

नोंद उजव्याची. तेल उजव्याला, बँडेज उजव्याला. एकदा केलेली नोंद खोडून दुसरी करायची म्हणजे खोडलेल्या जागी सही करावी लागते आणि कारण द्यावं लागतं, हे हेडक्लार्कच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यामुळे त्याने नोंद तशीच ठेवली आणि पाय सांभाळून घेतले. घरात तो उजव्या पायाने लंगडायचा, कारण तशी तक्रार होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याचं दुकान होतं. ते मागे पडलं की तो डाव्या पायाने लंगडू लागायचा, कारण तसं दुखत होतं. परत येताना त्याच दुकानापाशी पाय बदलायचा. इस्त्रीवाल्याने दोन दिवस हे पाहिलं आणि एकदा हातातली इस्त्री उभी करून विचारलं, "साहेब, इथे माझ्या दुकानासमोर काय होतं तुम्हाला?"

ऑफिसात बसवत नव्हतं. हाताखालचा जुना कारकून म्हणाला, "साहेब, आज एकाच बाजूवर बसलाय. दुसऱ्या बाजूचा चार्ज कोणाकडे दिलाय?" हेडक्लार्कने त्याला मागच्या वर्षीची सगळी थकीत पत्रं काढायला लावली.

आणि रविवार आला.

गाडी दारात थांबली. पुढून मेहुणा उतरला, मागून लेक, आणि लेकीच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली नात. ती जागी होती. जगाकडे तिचं पाहणं असं होतं की जणू हे सगळं तिने मागवलंच नव्हतं. हेडक्लार्क दाराच्या चौकटीला धरून उभा होता. चौकट सोडून तो पुढे आला. लेक म्हणाली, "घ्या बाबा, कबूल केल्याप्रमाणे," आणि तिने बाळ पुढे केलं.

हेडक्लार्कने हात पसरले आणि जरासा वाकला.

तिथेच तो थांबला. कंबर जागच्या जागी धरली गेली आणि डाव्या पायातून अशी कळ गेली की पसरलेले हात पसरलेलेच राहिले. बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ नातीला वाकून सलाम करतोय. लेकीला तसंच वाटलं. ती हसत म्हणाली, "बाबा, पुरे झालं, घ्या की." आणि बाळ त्याच्या हातांवर ठेवू लागली.

"मला दे," मेहुणा म्हणाला. हेडक्लार्कच्या पसरलेल्या हातांच्या वरून त्याने बाळ अलगद उचललं आणि कडेवर घेतलं. नातीने लगेच त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली. त्याला मिशी नव्हती, पण त्यावाचून तिचं काही अडलं नाही.

हेडक्लार्कला कमरेपेक्षाही ते जास्त लागलं.

सगळे आत गेले. हेडक्लार्क भिंत धरत मागून गेला. मेहुणा बाळाला थोपटत त्याच्या चालण्याकडे पाहत होता.

"भाऊजी, बँडेज कुठल्या पायाला आहे?"

"दिसत नाही का? उजव्या."

"मग भार डाव्यावर द्यायला हवा तुम्ही. डावा तर टेकवतही नाही आहात. आणि पुरते झुकलाय उजवीकडे."

"माझी चाल आहे ती. तू नवीन बघतोयस."

"बरं. जरा दवाखान्यात येता का?"

"पायाचं दुखणं आहे. तुझ्या खात्याचा विषय नाही."

"अहो, जा," बायको म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "लेकीने किती हौसेनं पुढे केलं होतं बाळ. बघवेना मला."

हेडक्लार्कने चपला पायात सरकवल्या. तो गेला. बायकोही गेली, साक्षीदार म्हणून.

दवाखान्यात भिंतीवर पदव्या होत्या आणि कोपऱ्यात टांगलेला प्लास्टिकचा कणा. मेहुण्याने त्याला टेबलावर उताणा झोपवलं आणि गुडघा सरळ ठेवून उजवा पाय हळूहळू वर उचलला. पाय वर गेला, आणखी वर गेला, छताकडे बोट दाखवू लागला. हेडक्लार्कला काहीच झालं नाही. मग त्याला आठवलं की दुखायला हवं.

"आई गं," तो सावकाश म्हणाला.

"दुखलं?"

"फार."

मेहुण्याने पाय खाली ठेवला आणि डावा उचलला. तो टेबलापासून हातभर उचलला असेल नसेल, हेडक्लार्कच्या तोंडून जे निघालं ते बाहेर बसलेल्या पेशंटनी ऐकलं. त्यातला एक उठून निघून गेल्याचं नंतर कळलं.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "तक्रार उजव्या पायाची आहे आणि ओरड डाव्या पायाची. यातलं कुठलं धरू?"

हेडक्लार्कने छताकडे पाहिलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.

"दोन्ही सोडून दे," तो शेवटी म्हणाला. "कंबर गेली आहे. कपाट उचलताना."

"हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," बायको म्हणाली. "पाय मुरगळलेला माणूस खाली बसतो, कपाटाच्या गळ्यात पडत नाही."

"मग इतके दिवस तेल कशाला चोळलंस?"

"म्हटलं, बघू कुठवर जातं."

मेहुण्याने पुढची तपासणी केली. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, अंगठा वर दाबून धरायला लावला, पावलाला टोचून कुठे कमी कळतंय ते विचारलं. मग म्हणाला, "लघवी-संडासवर ताबा आहे ना? मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का?"

"अरे, ही इथे बसली आहे," हेडक्लार्क म्हणाला.

"बसू दे. उत्तर द्या. तसं असतं तर मी हात न लावता तुम्हाला सरळ हॉस्पिटलात पोचवलं असतं."

"नाही. सगळं ताब्यात आहे." हे सांगताना हेडक्लार्कला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत काहीतरी ताब्यात असल्याचं निघालं होतं.

मेहुण्याने प्लास्टिकचा कणा जवळ ओढला. दोन मणक्यांमध्ये एकेक मऊ चकती, गादीसारखी. ताठ गुडघ्यांनी वाकून, वर कमरेत पीळ देऊन ओझं उचललं की त्या चकतीवर सगळा भार एका बाजूने येतो आणि ती मागे फुगते. मागून नसा बाहेर पडतात. कमरेतल्या त्या नसा एकत्र होऊन बोटाएवढी जाड एक नस होते, ती कुल्ल्यातून मांडीमागून पार पावलापर्यंत जाते. चकतीने मुळाशी दाबलं की ठणका खाली लागतो. "ह्याला सायटिका म्हणतात. आणि नुसत्या कपाटाने नाही झालं हे. इतकी वर्षं खुर्चीत पोक काढून बसलात, चालणं नाही, त्यात मागच्या खिशात ते जाडजूड पाकीट घालून एका अंगावर. कपाट फक्त शेवटी आलं."

हेडक्लार्कने ते आपल्या परीने समजून घेतलं. "म्हणजे घोळ मुख्य कार्यालयात, आणि लोक ओरडतात शाखेत."

"अगदी बरोबर."

"आणि आम्ही तेल लावत होतो ते तिसऱ्याच शाखेला."

"तिथली व्यवस्था आता उत्तम असेल," मेहुणा म्हणाला.

मग त्याला कुशीवर वळवण्यात आलं. एक पाय सरळ, एक दुमडलेला, खांदा मागे, कंबर पुढे. "जिथे चकती फुगली आहे तिथे मी जोर देणार नाही. वरचे सांधे धरून बसलेत, ते मोकळे करतो. श्वास सोडा." हेडक्लार्कने डोळे मिटले. इतक्या वर्षांचे सगळे शेरे त्याला एकामागून एक आठवले. हा माणूस काही विसरला नसणार, हेही आठवलं.

कटकन आवाज झाला.

"मोडलं," हेडक्लार्क म्हणाला.

"काही मोडलं नाही. सांध्यात हवेचे बुडबुडे असतात, त्यांचा आवाज. उठा, आधी कुशीवर, मग हाताने रेटा देऊन."

हेडक्लार्क उठला. पाय ठणकत होता, पण पाठ जरा मोकळी झाली होती. चष्मा शोधता शोधता तो म्हणाला, "थँक्यू." शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. बायकोने पदर तोंडाला लावला. मेहुणा, अर्थातच, हसला.

सूचना मिळाल्या त्या अशा : अंथरुणात पडून राहायचं नाही, सोसेल तेवढं चालायचं. खुर्चीतून अधूनमधून उठायचं. पाकीट पुढच्या खिशात. ठरवून दिलेले व्यायाम रोज करायचे. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत ओसरतं, पण घाई केली तर रेंगाळतं. आणि ओझं उचलायचं नाही.

"बाळ ओझं नसतं," हेडक्लार्क म्हणाला.

"कणा तसं मानत नाही," मेहुणा म्हणाला.

घरी बायकोने हा शेवटचा मुद्दा कायदाच करून टाकला. बसल्या बसल्या मांडीवर घ्यायचं, हवं तितकं. उभ्याने उचलायचं नाही, कडेवर तर नाहीच. लेकीने मध्यस्थी केली, ती फेटाळली गेली. तेव्हा हेडक्लार्कने फुलस्केप कागद घेतला, समास सोडला आणि रीतसर अर्ज लिहिला, की अर्जदार हा सदर बालिकेचा आजोबा असून, त्यास तिला उभ्याने कडेवर घेऊन खिडकीतून रस्ता दाखवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. बायकोने तो वाचला आणि खाली लिहिलं, "धाकट्याचं मत घ्यावं."

मेहुण्याने मत दिलं. आधी अर्धी लहान बादली पाणी, गुडघ्यात बसून, अंगाशी धरून, न वळता उचलून दाखवावी. ते महिनाभरात जमलं. तोवर नातीचं वजन पाऊण बादलीकडे सरकलं होतं. हेडक्लार्कने पाऊण बादलीचा सराव धरला. नातीला याच सुमारास भूक चांगली लागू लागली. लेक कौतुकाने सांगायची, "बाबा, काय वजन घेतेय बघा ना." आणि बाबा खिन्नपणे म्हणायचे, "बघतोय."

एकदा तर अगदी हाताशी आलं होतं. बादली भरली होती, उचलली गेली होती, मेहुणा रविवारी येऊन मान्यता देणार होता. पण शनिवारी हेडक्लार्क मागच्या खोलीत एकटाच होता. मेहुण्याने ते कपाट कधीच रिकामं करून समोरच्या भिंतीला नेलं होतं, पण लावताना ते किंचित, अगदी बोटभर, तिरकं राहिलं होतं. मेहुण्याने केलेल्या कामातली ही एकमेव चूक. ती दुरुस्त करण्याचा मोह हेडक्लार्कला आवरला नाही.

रविवारी मेहुणा आला आणि त्याने विचारलं, "आता कुठला पाय?"

"डावा," हेडक्लार्क म्हणाला. या वेळी त्याने खोटं सांगितलं नाही.

सबब, सराव पुन्हा अर्ध्या बादलीपासून सुरू झाला. दरम्यान जावयाला घर मिळायला उशीर होत गेला, नात रांगली, पलंगाला धरून उभी राहिली आणि एक दिवस कोणालाही न विचारता चालू लागली. सध्या संध्याकाळी फिरायला जायची वेळ झाली की ती आजोबांच्या खुर्चीपाशी येते आणि त्यांना उठता यावं म्हणून आपलं बोट पुढे करते. आजोबा ते धरतात आणि सांगितल्याप्रमाणे गुडघ्यांवर जोर देऊन उठतात.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.